पोटमाळ्याचे साडेआठ गुण : अ‍ॅम्स्टलव्हेनमधील एका भाडेकराराचे प्रकरण

१ मार्च २०२५ पासून सुरू झालेला एक भाडेकरार आणि त्याला जोडलेला, घराचे कमाल भाडे ठरवणाऱ्या गुणमोजणीचा दोन पानी कागद, एवढ्यावर हे सारे प्रकरण उभे आहे. भाडेकरू पुण्याहून आलेले मराठी कुटुंब होते : नवरा, बायको आणि चार वर्षांची मुलगी. घरमालक एक डच गृहस्थ. त्यांनी हे घर पूर्वी स्वतः राहण्यासाठी घेतले होते आणि पुढे नोकरीनिमित्त दुसऱ्या प्रांतात गेल्यावर ते भाड्याने दिले होते. दोघांच्या मध्ये एक दलाल संस्था होती. या कुटुंबाला डच कागदपत्रे वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आल्यामुळे प्रकरणाचा जवळजवळ प्रत्येक टप्पा मी पाहिला. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील मी येथे देत नाही.

अ‍ॅमस्टरडॅमच्या दक्षिणेस लागून असलेल्या अ‍ॅम्स्टलव्हेनमध्ये भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. शहराच्या दक्षिण भागात १९८०च्या दशकात वसवलेल्या एका वसाहतीत हे घर आहे. एकाला एक लागून असलेल्या सात घरांची रांग, प्रत्येकाला पुढे चार पावलांचे अंगण, मागे लहान बाग, बागेच्या टोकाला सायकली ठेवण्याची लाकडी खोली आणि तिच्यामागून जाणारी अरुंद बोळ, अशी ही रचना आहे. समोरचा रस्ता ‘वोनेर्फ’ प्रकारचा आहे. नेदरलँड्सने १९७६ मध्ये या प्रकाराला कायद्यात स्थान दिले. तेथे पादचारी आणि खेळणारी मुले यांचा रस्त्यावर पहिला हक्क असतो आणि मोटारींनी चालण्याच्याच गतीने जायचे असते. संध्याकाळी सातनंतर या गल्लीत सायकलच्या घंटेखेरीज फारसे काही ऐकू येत नाही. पुण्यात मुख्य रस्त्यालगतच्या इमारतीत वाढलेल्या या दांपत्याला ही शांतता पहिल्याच भेटीत भावली आणि नंतर काही महिने तिचाच धाक वाटत राहिला. त्याचा संबंध पुढे येईल.

घर शोधताना त्यांच्यावर कोणता ताण होता, हे समजल्याशिवाय त्यांनी केलेली सही समजणार नाही. परदेशातून येऊन चार महिन्यांपेक्षा अधिक काळ राहणाऱ्याने आगमनानंतर पाच दिवसांत नगरपालिकेत नोंदणी करावयाची असते. नोंदणीसाठी राहता पत्ता लागतो, आणि जेथे तात्पुरती सोय झाली होती तेथील पत्त्यावर कायम नोंदणी करू देण्यास तेथील चालक तयार नव्हते. मुलीला चार वर्षे पूर्ण झाल्याने शाळाही लगेच हवी होती, आणि शाळा घराच्या पत्त्यावर अवलंबून होती. दलाल संस्था एकूण मासिक उत्पन्न भाड्याच्या तिप्पट असल्याचा पुरावा, नोकरीचा करार, कंपनीचे पत्र आणि पगारपत्रके मागत होत्या. नुकताच रुजू झालेला माणूस तीन महिन्यांची पगारपत्रके कोठून आणणार? सहा आठवड्यांत त्यांनी अकरा घरांसाठी अर्ज केले आणि चार घरे प्रत्यक्ष पाहिली. त्यांतील दोन घरे डच भाषेत ज्याला ‘काल’ म्हणतात तशी, म्हणजे अक्षरशः उघडी होती : जमिनीवर फरशी वा लाकूड नाही, नुसता सिमेंटचा थर, आणि छतातून लोंबणाऱ्या तारा. डच भाडेव्यवहारात घर या अवस्थेत देणे पूर्णपणे रूढ आहे आणि जमीन घालण्याचा खर्च भाडेकरू करतो. म्हणूनच जमीन आणि पडदे असलेले हे घर महिना १,७५० यूरोंना मिळते आहे असे कळताच त्यांनी दुसऱ्या दिवशी होकार कळवला.

कराराच्या मसुद्यात दोन गोष्टी ताबडतोब खटकल्या. अनामत म्हणून तीन महिन्यांचे भाडे मागितले होते आणि ‘करार तयार करण्याचा खर्च’ म्हणून ३५० यूरो. जुलै २०२३ मध्ये अमलात आलेल्या चांगल्या भाडेव्यवहाराच्या कायद्यानुसार अनामत मूळ भाड्याच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. एका ओळीचे पत्र पाठवताच अनामत ५,२५० वरून ३,५०० वर आली. ३५० यूरो मात्र त्यांनी भरून टाकले. जो दलाल मालकाचे काम करतो त्याने त्याच व्यवहारासाठी भाडेकरूकडून मोबदला घ्यायचा नाही, हे डच सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्येच स्पष्ट केलेले आहे. ती रक्कम नंतर लेखी मागणी केल्यावर तीन आठवड्यांत परत आली. करार बेमुदत होता, पहिले बारा महिने भाडेकरूने सोडायचे नाही एवढीच अट होती आणि ती कायदेशीर आहे. १ जुलै २०२४ पासून बेमुदत करार हाच नियम आहे आणि ठरावीक मुदतीचा करार काही अपवादांपुरताच उरला आहे.

या ‘बेमुदत’ शब्दाकडे कुटुंबाने कसे पाहिले, ते मला या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यांच्या मनात भाड्याचे घर म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या चौकटीत होणारा हा करार घरात राहण्याची केवळ परवानगी देतो. बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा असतो, मुदत संपली की परवानगी संपते, आणि नंतरही घर न सोडणाऱ्यावर कलम २४ प्रमाणे दुप्पट शुल्काची जबाबदारी येते. पुण्यातील त्यांच्या तीन घरांच्या अनुभवात मालकाची मर्जी हीच सुरक्षितता होती. भिंतीला खिळा मारायचा तरी फोन करायचा, पाहुणे चार दिवस राहणार असतील तर कानावर घालायचे आणि नूतनीकरणाच्या महिन्यात दहा टक्के वाढ निमूट मान्य करायची. ज्या मुंबईने १९४७च्या भाडेकायद्यानंतर पागडीचे, पिढ्यान्‌पिढ्या न हलणारे भाडेकरू पाहिले, त्याच प्रदेशातून आलेल्या आजच्या तरुण पिढीला भाडेकरूचा हक्क ही कल्पनाच परकी झाली आहे, हे मला त्यांच्याशी बोलताना प्रथमच इतके स्पष्ट दिसले. त्यामुळे बेमुदत कराराचा अर्थ त्यांनी ‘मालक केव्हाही काढू शकतो’ असा लावला होता. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. डच कायद्यात मालकाला करार संपवायचा असेल तर कायद्यात नमूद केलेल्या मोजक्या कारणांपैकी एक दाखवावे लागते, आणि भाडेकरूने संमती दिली नाही तर न्यायाधीशाचा निर्णय मिळेपर्यंत करार चालूच राहतो. भाडेकरूला मात्र पहिल्या बारा महिन्यांची अट संपल्यावर एका महिन्याच्या सूचनेवर, कोणतेही कारण न देता, घर सोडता येते.

आता गुणमोजणीकडे येतो. नेदरलँड्समध्ये घराचे कमाल भाडे ठरवण्यासाठी १९७९ पासून गुणपद्धती आहे. राहत्या खोलीच्या प्रत्येक चौरस मीटरला एक गुण; कोठार, माळा, सायकलखोली अशा इतर जागांना चौरस मीटरमागे पाऊण गुण; त्याखेरीज तापवण्याची सोय, स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाग, ऊर्जा-वर्ग आणि नगरपालिकेने ठरवलेले घराचे मूल्य या सर्वांचे गुण. अनेक वर्षे ही पद्धत व्यवहारात मुख्यतः स्वस्त घरांनाच लागू पडत असे. १ जुलै २०२४ रोजी परवडणाऱ्या भाड्याचा कायदा अमलात आला आणि तिची व्याप्ती मध्यम भाड्याच्या घरांपर्यंत गेली. १४३ गुणांपर्यंतचे घर खालच्या गटात, १४४ ते १८६ मध्यम गटात आणि १८७ पासून पुढे खुल्या गटात मोडते. खुल्या गटात सुरुवातीचे भाडे बाजार ठरवतो. मध्यम गटात ते गुणांनी बांधलेले असते, आणि २०२५ मध्ये १८६ गुणांच्या घराला दरमहा १,१८४.८२ यूरो ही सर्वोच्च मर्यादा होती. १८६ आणि १८७ यांच्यामधला हा एक गुण अ‍ॅम्स्टलव्हेनसारख्या ठिकाणी दरमहा पाचशे-सहाशे यूरोंचा ठरतो. १ जानेवारी २०२५ पासून नव्या करारासोबत गुणमोजणी जोडणे मालकावर बंधनकारक झाले आहे. तसा कागद या कराराला जोडलेला होता आणि त्यावर बेरीज होती १९१.

मीही तो कागद वाचून १९१ हा आकडा खरा मानला होता, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. क्षेत्रफळाच्या रकान्यात ‘खोली ४ : १४ चौरस मीटर’ असे लिहिले होते. घरात खाली दिवाणखाना, वर दोन शयनगृहे आणि सर्वांत वर उतरत्या छपराखाली माळा आहे. ही चौथी खोली म्हणजे तो माळा होय, हे माझ्या ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आले ते शेजारच्या वृद्ध बाईंमुळे, आणि तेही एका तक्रारीतून. एप्रिलमध्ये त्यांनी पत्रपेटीत एक चिठ्ठी टाकली : सकाळी साडेसहाला भिंतीतून यंत्राचा मोठा आवाज येतो, तो थोडा उशिरा करता येईल का? आवाज मिक्सरचा होता. वाटणाचा मिक्सर सामाईक भिंतीला टेकलेल्या ओट्यावर ठेवलेला होता आणि रांगेतल्या घरात अशी भिंत ढोलासारखी वाजते. कुटुंब हादरून गेले. पोलिसांत तक्रार जाईल, मालकाला कळेल, घर सोडावे लागेल, इथपर्यंत त्यांचे विचार गेले. वास्तविक चिठ्ठी लिहिणे ही येथील शेजारधर्माची अगदी नेहमीची रीत आहे. आवाज खटकला तर मनात न ठेवता सरळ आणि सभ्य शब्दांत सांगायचे, आणि सांगून झाले की विषय संपला. जेथे तेवढ्याने भागत नाही तेथे बहुतेक नगरपालिकांत प्रशिक्षित स्वयंसेवकांकडून शेजाऱ्यांमधील विनामूल्य मध्यस्थी उपलब्ध असते. दोघे नवरा-बायको मुलीला घेऊन दार वाजवून आत गेले, मिक्सर दुसऱ्या भिंतीकडे हलवल्याचे सांगितले आणि कॉफी घेऊन परत आले. बोलण्याच्या ओघात मुलीने त्यांना वरच्या मजल्यावरील छताची झडप दाखवायला लावली, कारण तिच्या घरी तशीच झडप होती. बाई म्हणाल्या की या रांगेतल्या सातही घरांना माळ्यावर जाण्यासाठी ओढून खाली आणायची शिडी आहे, आणि त्यामुळेच कोणी तेथे झोपायची खोली करत नाही.

त्या संध्याकाळी मला फोन आला आणि मी गुणपद्धतीचे नियम पुन्हा काढले. पक्क्या जिन्याने जाता येत नाही असा माळा राहती खोली म्हणून मोजता येत नाही. त्याला इतर जागेचा पाऊण गुण लागतो आणि शिडीमुळे त्यातून पाच गुण वजा होतात. १४ चौरस मीटरचे १४ ऐवजी साडेदहा, आणि त्यातून पाच गेले की उरले साडेपाच. साडेआठ गुणांचा फरक. कागदावरील बेरीज प्रत्यक्षात १९०.५ होती आणि पूर्णांकात १९१ लिहिलेली होती. दुरुस्ती केल्यावर ती बरोबर १८२ आली. घर खुल्या गटातून मध्यम गटात आले आणि कमाल भाडे साडेअकराशे यूरोंच्या आसपास.

येथून पुढे तीन आठवडे काहीच घडले नाही. आकडा कळूनही दोघे गप्प होते, आणि मी त्यांना घाई केली नाही. त्यांच्या भीती मी एकेक लिहून काढल्या. पहिली, वाद केला तर राहण्याच्या परवान्यावर परिणाम होईल का? होत नाही. उच्चशिक्षित स्थलांतरिताचा परवाना नोकरी देणाऱ्या कंपनीच्या प्रायोजकत्वावर आणि पगारावर टिकलेला असतो, भाड्याच्या तंट्याशी त्याचा संबंध नाही. दुसरी, मालक सूड म्हणून घर रिकामे करायला सांगेल का? सांगू शकतो, पण भाड्याचे तंटे सोडवणाऱ्या भाडे आयोगाकडे गेला म्हणून भाडेकरूला काढणे हे कायद्यातील कारण नाही. तिसरी भीती मला खरी वाटली : पुढचे घर घेताना आधीच्या मालकाचे पत्र मागितले जाते आणि ते पत्र कटू असू शकते. याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. चौथी त्यांनी फार उशिरा बोलून दाखवली. ‘एवढ्या शांत गल्लीत आम्ही येऊन दोन महिन्यांत भांडण उभे केले असे होईल,’ असे पत्नीचे शब्द होते. मला असे वाटते की, आपल्याकडून आवाज होऊ नये ही त्यांची रास्त काळजी आणि आपण काही मागू नये हा त्यांचा जुना संस्कार, या दोन गोष्टी त्या घरात एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. मिक्सरचा आवाज शेजाऱ्याला त्रास देतो. भाड्याची हरकत एका लिफाफ्यात जाते आणि गल्लीत कोणाच्याही कानी पडत नाही.

मे महिन्यात त्यांनी मालकाला सविस्तर, सौम्य पत्र लिहिले, माळ्याची छायाचित्रे जोडली आणि भाडे दुरुस्त करण्याची विनंती केली. करार दोघांनी वाचून सह्या केलेला आहे, असे दलाल संस्थेचे उत्तर आले. हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही, कारण कमाल भाड्याची मर्यादा सहीने ओलांडता येत नाही. नंतर १२ जूनला त्यांनी हूरकॉमिसी, म्हणजे भाडे आयोगाकडे, सुरुवातीचे भाडे तपासण्याचा अर्ज केला. खुल्या गटाचा म्हणून झालेल्या करारात ही तपासणी करार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. त्यांच्या बाबतीत ती मुदत ऑगस्टअखेर संपणार होती. अशी मुदत नकळत निघून गेलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. भाडेकरूसाठी शुल्क २५ यूरो आहे आणि निर्णय बाजूने लागला तर तेही परत मिळते.

ऑगस्टमध्ये आयोगाचा तपासनीस आला. त्याने दीड तास लेझर-यंत्राने प्रत्येक खोली मोजली, शिडी स्वतः ओढून वर गेला, सायकलखोली आणि बागही मोजली. बागेचे माप मूळ कागदापेक्षा किंचित जास्त निघाले, पण गुणांत फरक पडण्याइतके नाही. ऑक्टोबरमध्ये सुनावणी झाली. तेथे एक अध्यक्ष आणि दोन सदस्य असतात, त्यांपैकी एक भाडेकरूंच्या आणि एक मालकांच्या बाजूने नेमलेला असतो. वकील लागत नाही.

सुनावणीला मालक स्वतः आले होते आणि त्यांचे म्हणणे मी येथे प्रामाणिकपणे मांडू इच्छितो, कारण त्यांना लोभी ठरवणे अन्यायाचे होईल. गुणमोजणी त्यांनी दलालावर सोपवली होती आणि माळ्याचा नियम त्यांनाही ठाऊक नव्हता. घरावर कर्ज आहे. भाड्याने दिलेल्या घरावर संपत्ती-उत्पन्नाचा कर दरवर्षी भरावा लागतो, आणि साडेअकराशे यूरोंत हिशेब बसत नाही, असे त्यांनी आकडे मांडून दाखवले. २०२४ नंतर अनेक लहान मालकांनी भाडेकरू गेल्यावर घरे विकून टाकली, त्यामागे हेच गणित आहे. त्यामुळे नव्याने येणाऱ्यांसाठी भाड्याची घरे कमी झाली, हा कायद्यावरचा आक्षेप मला खोटा वाटत नाही. हे मान्य करूनही, दलालाच्या चुकीचे दरमहा सहाशे यूरो भाडेकरूने का भरावेत, या अध्यक्षांच्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला लेखी निर्णय आला. गुण १८२, घर मध्यम गटात, कमी केलेले भाडे १ मार्चपासून लागू. नऊ महिन्यांची जादा दिलेली रक्कम पाच हजार यूरोंहून अधिक होती. निर्णयाविरुद्ध आठ आठवड्यांत न्यायालयात जाता येते. मालक गेले नाहीत. त्यांनी परतफेड सहा हप्त्यांत करण्याची विनंती केली आणि कुटुंबाने ती लगेच मान्य केली. मला हा निर्णय योग्य वाटला. पुढची अनेक वर्षे ज्याच्याशी व्यवहार करायचा त्याला एकदम पाच हजार काढायला लावून काही साधणार नव्हते.

जानेवारीत मालकाचे एक पत्र आले : घर विकण्याचा विचार आहे, तरी उन्हाळ्यापर्यंत दुसरी सोय पाहावी, स्थलांतराच्या खर्चापोटी काही रक्कम देऊ. वर्षापूर्वी असे पत्र आले असते तर या कुटुंबाने त्याच आठवड्यात घरे शोधायला सुरुवात केली असती. या वेळी पत्नीने स्वतः उत्तराचा मसुदा केला आणि मला फक्त तपासायला पाठवला. घर विकल्याने भाडेकरार मोडत नाही, नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो आणि विकण्याची इच्छा हे करार संपवण्याचे कारण होत नाही, हे तिने तीन वाक्यांत लिहिले होते. घर पाहायला येणाऱ्यांसाठी शनिवारी सकाळी दार उघडे ठेवू, असे चौथे वाक्य होते. मी त्यात एका क्रियापदाचे रूप तेवढे दुरुस्त केले.